हेगच्या कोर्टात पीडित कोण, हे दोषारोपपत्र ठरवतं

एलएलएम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पीडितांना खटल्यात सहभागाचा हक्क आहे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रत्यक्षात त्यांना काय करता येतं? पीडित म्हणून मान्यता कोण देतं, कशावरून? आणि आपल्याकडच्या मूळ फिर्यादीपेक्षा त्यांची अवस्था बरी की वाईट?"

मी आधी आपल्याकडे सत्र न्यायालयात आणि नंतर काही वर्षं हेगमध्ये, म्हणजे याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात, पीडितांच्या वकिलांच्या चमूत काम केलं आहे. त्यामुळे कलमांची यादी देत बसण्यापेक्षा जे तिथे रोज जाणवतं ते आधी सांगते. पीडितांना बोलता येतं, परवानगीने साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, दोषसिद्धी झाली तर भरपाई मागता येते. पण हे सगळं अभियोक्त्याने आखलेल्या दोषारोपाच्या चौकटीत. कोणतं गाव, कोणत्या तारखा, कोणता गुन्हा, कोणता आरोपी, हे तो ठरवतो. यातलं एकही तुमच्या बाबतीत जुळत नसेल, तर तुम्ही कितीही सोसलेलं असलं तरी त्या खटल्यापुरते तुम्ही पीडित नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर नसावं, तशी ही गत आहे. पाठ्यपुस्तकांत 'पीडितकेंद्री न्याय' या शब्दाखाली हे झाकलं जातं, म्हणून मुद्दाम सुरुवातीलाच सांगितलं.

मागचा इतिहास लांबवत नाही. १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात अभियोग पक्षाने जर्मनांच्याच कागदपत्रांवर भिस्त ठेवली. छळछावण्यांतून वाचलेली अगदी मोजकी माणसं साक्षीला आली. १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यात शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले, पण ते राष्ट्रीय न्यायालय होतं. युगोस्लाव्हिया (१९९३) आणि रवांडा (१९९४) यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी जी न्यायाधिकरणं नेमली, त्यांत पीडिताला फक्त साक्षीदार म्हणून जागा होती. भरपाई हवी तर आपापल्या देशातल्या न्यायालयात जा, असा नियम होता.

साक्षीदार म्हणूनही माणूस खटल्याची दिशा फिरवू शकतो, हे मात्र रवांडाच्या न्यायाधिकरणातच दिसलं. ताबाचा स्थानिक प्रशासक जॉं-पॉल अकायेसू याच्यावरच्या मूळ दोषारोपात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. १९९७ मध्ये साक्ष देताना एका आईने, दुसऱ्याच मुद्द्यावर बोलत असताना, आपल्या लहान मुलीवर काय ओढवलं ते सांगितलं. न्यायपीठाने, त्यात न्यायाधीश नवी पिल्ले या एकट्याच स्त्री होत्या, पुढचे प्रश्न विचारले. नंतर आणखी बायका बोलल्या. जून १९९७ मध्ये दोषारोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचं साधन ठरू शकतं हे पहिल्यांदा मान्य झालं. तीन वर्षांनंतरचं चित्र त्याच न्यायाधिकरणाचं आहे: २००१ मध्ये बुटारे खटल्यात बलात्कार सोसलेल्या एका साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीश हसले. हसू बचावाच्या वकिलाच्या प्रश्नांवर होतं, असा खुलासा आला. वाचलेल्यांच्या संघटनांना तो पटला नाही, त्यांनी सहकार्य थांबवलं. साक्षीदाराला वकील नसतो. "माझ्या अशिलाला असं विचारता येणार नाही" असं उठून म्हणणारं तिथे तिचं कुणी नव्हतं.

ही उणीव रोम संविधीने, म्हणजे हेगचं हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं त्याने, भरून काढायचा प्रयत्न केला. १७ जुलै १९९८ ला १२० देशांनी बाजूने, ७ देशांनी विरोधात मतदान केलं. २१ तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. १ जुलै २००२ पासून संविधी लागू झाली. आपण आजही सदस्य नाही. कलम ६८(३) म्हणतं की पीडितांच्या वैयक्तिक हितसंबंधांवर परिणाम होत असेल तिथे न्यायालयाने त्यांची मतं आणि चिंता मांडू द्यावीत. मात्र योग्य टप्प्यावर, आणि आरोपीच्या हक्कांना व निःपक्ष सुनावणीला बाधा येणार नाही अशा रीतीने. कलम ७५ भरपाईचं, कलम ७९ पीडितांसाठीच्या निधीचं. पीडित कोण, याची व्याख्या कार्यपद्धतीच्या नियम ८५ मध्ये आहे: न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातल्या गुन्ह्यामुळे हानी झालेली व्यक्ती, शिवाय शाळा, दवाखाने, धर्मस्थळं, ऐतिहासिक वास्तू चालवणाऱ्या ज्या संस्थांच्या मालमत्तेची थेट हानी झाली त्या संस्था. व्याख्या मोठी उदार आहे. अडचण पुढे सुरू होते.

ती पाहायची तर एकाच जिल्ह्याकडे बघा: काँगोच्या ईशान्येकडचा इतुरी (तेव्हा जिल्हा, आता प्रांत), मुख्य गाव बुनिया. हेमा आणि लेंडू या दोन समाजांतल्या संघर्षात २००२-०३ च्या सुमाराला तिथे गावंच्या गावं जळाली. या एका जिल्ह्यातून हेगला चार माणसं आरोपी म्हणून आली, आणि प्रत्येक खटल्यागणिक 'पीडित' बदलत गेले.

पहिला थॉमस लुबांगा. हेमांच्या बाजूच्या यूपीसी या संघटनेचा प्रमुख. न्यायालयाचा हा पहिलाच खटला, २६ जानेवारी २००९ ला सुरू झाला. आरोप एकच: १५ वर्षांखालच्या मुलांना सैन्यात भरती करणं आणि लढाईत वापरणं. कत्तली, जाळपोळ, बलात्कार, लूट यांपैकी काहीही दोषारोपात नव्हतं. सुनावणी खंडपीठाने जानेवारी २००८ मध्ये पीडिताच्या सहभागासाठी हानीचा संबंध आरोपांशीच असायला हवा असं नाही, असा सैल अर्थ लावला होता. ११ जुलै २००८ ला अपील खंडपीठाने तो बदलला: हानीचा धागा निश्चित झालेल्या आरोपाशीच जुळला पाहिजे. तुमच्या प्रबंधासाठी एकच आदेश वाचायचा असेल तर हा वाचा. पुढचं सगळं याच आदेशातून निघालं.

मग ८ एप्रिल २००९ ला सुनावणी खंडपीठासमोर प्रश्न आला की अप्रत्यक्ष पीडित कोणाला म्हणायचं. भरती झालेल्या मुलाचे आई-वडील? हो. त्याला वाचवायला गेलेला आणि मार खाल्लेला माणूस? हो. आणि त्या मुलांनी ज्यांच्यावर हल्ले केले ती माणसं? नाही. याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक देऊन त्याला लेंडूंच्या वस्तीवर पाठवलं. त्याने एका बाईचं घर पेटवलं. पोरगा पीडित, त्याची आई पीडित. घर जळालेली बाई कुणीच नाही. कायद्याच्या तर्काने निकाल चूक नाही, कारण आरोप भरतीचा होता, घर जाळल्याचा नव्हता. पण ज्यांनी एकाच बाजारात भाजी घ्यायची, त्या दोन समाजांना हे कसं समजावणार? हेगच्या कोर्टाने 'त्यांची' पोरं पीडित ठरवली, आमचं जळालेलं गाव नाही, एवढंच तिथे ऐकू गेलं.

याच खटल्यात मुलींचा प्रश्न निघाला. भरती केलेल्या मुलींवर छावण्यांत काय झालं ते साक्षीदारांच्या तोंडून येऊ लागलं. मे २००९ मध्ये पीडितांच्या वकिलांनी अर्ज दिला: तथ्यं तीच आहेत, त्यांना लैंगिक गुलामगिरी हे कायदेशीर नावही द्या. सुनावणी खंडपीठाने बहुमताने दार उघडं ठेवलं. डिसेंबर २००९ मध्ये अपील खंडपीठाने बंद केलं. दोषारोपात नसलेली तथ्यं मागच्या दाराने आणता येणार नाहीत, हे कारण. १४ मार्च २०१२ ला लुबांगा दोषी ठरला, १४ वर्षांची शिक्षा झाली. १२९ पीडितांनी भाग घेतला होता. लैंगिक अत्याचारांचा निकालात आरोप म्हणून मागमूस नाही. न्यायाधीश ओदिओ बेनितो यांनी त्यावर भिन्नमत लिहिलं, तेही जरूर वाचा. पुढे भरपाईच्या टप्प्यावर सुनावणी खंडपीठाने या मुलींचा समावेश केला, तर २०१५ मध्ये अपील खंडपीठ म्हणालं, ज्या गुन्ह्यासाठी तो दोषी ठरला नाही त्याची भरपाई त्याच्यावर टाकता येणार नाही. निधीने आपल्या मदतीच्या कामातून बघावं.

दुसरा खटला बोगोरोचा. २४ फेब्रुवारी २००३ ला या हेमाबहुल गावावर हल्ला झाला. लेंडू बाजूचे म्होरके जर्मेन कातांगा आणि मातिऊ न्गुजोलो दोघांवर एकत्र खटला चालला, ३६६ पीडित सहभागी होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये खटले वेगळे केले, आणि महिन्याभरात, १८ डिसेंबर २०१२ ला, न्गुजोलो निर्दोष सुटला. कातांगा ७ मार्च २०१४ ला दोषी ठरला, पण फक्त हत्या, नागरिकांवर हल्ला, मालमत्तेचा नाश आणि लूट यांच्या साहाय्यासाठी. बोगोरोत बलात्कार झाले हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्याची जबाबदारी कातांगावर सिद्ध झाली नाही. मग त्या बायका? घर जळाल्याबद्दल त्यांना भरपाई मागता येते, बलात्काराबद्दल नाही. गाव तेच, दिवस तोच, बाई तीच. अशिलाला समोर बसवून हे समजावून सांगायचं काम वकिलाचं. कायद्याच्या महाविद्यालयात याची तयारी कुणी करून घेत नाही.

आणि मग बॉस्को न्तागांडा. लुबांगाच्याच संघटनेचा लष्करी उपप्रमुख. या वेळी अभियोक्त्याने दोषारोपपत्र रुंद लिहिलं: लेंडू गावांवरचे हल्ले, हत्या, बलात्कार, आणि स्वतःच्याच फौजेतल्या मुलींवरचे अत्याचारही. बचाव पक्ष म्हणाला, आपल्याच बाजूच्या सैनिकावर केलेला अत्याचार हा युद्धगुन्हा होऊच शकत नाही. जून २०१७ मध्ये अपील खंडपीठाने हे फेटाळलं. ८ जुलै २०१९ ला न्तागांडा दोषी ठरला, शिक्षा ३० वर्षं. लुबांगाच्या खटल्यात जळालेल्या घराची बाई बाहेर होती, छावणीतली मुलगी अर्धी आत अर्धी बाहेर होती. इथे दोघी आत आल्या. संघटना तीच, काळ तोच. बदललं ते आरोपांचं पान.

आता अर्जाचं बघू. सुरुवातीला अर्ज चांगला लांबलचक होता. न्यायाधीश एकेक अर्ज तपासत, बचाव पक्षाला नावं झाकलेली प्रत जाई, त्यावर हरकती, मग आदेश. अर्जदाराला नाव नाही तर क्रमांक: आधी 'ए', मग आकडा, मग वर्ष. ओळखीचा पुरावा काय द्यायचा? युद्धात जळालेल्या घरात कागद कुठून उरणार? म्हणून मतदार ओळखपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचं कार्ड, आणि काहीच नसेल तर दोन विश्वासार्ह माणसांनी सही केलेलं निवेदन, असं बरंच काही चालवून घेतलं गेलं. पुढे काही खटल्यांत अर्ज एका पानावर आला. लहान अर्ज म्हणजे पीडितांची सोय, असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. लांब अर्ज भरताना माणूस बसून सगळं सांगायचा, आणि भरपाईच्या वेळी तोच मजकूर कामी यायचा. कातांगा प्रकरणात तर भरपाईच्या टप्प्यावर ते जुने अर्जही पुरेसे ठरेनात. वकिलांना पुन्हा गावोगाव जाऊन कागद गोळा करावे लागले.

आणि तारखा! दोषारोपाची चौकट तारखांवर उभी असते, तर माणसं काळ सांगतात पेरणीवरून, शाळेच्या परीक्षेवरून, ईस्टर झाला होता की व्हायचा होता यावरून. दुभाषा स्वाहिलीतून फ्रेंचमध्ये आणतो, आपण टिपून घेतो, आणि त्यातून 'फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा' काढायचा असतो. इथे घाई करणारा किंवा उत्तर तोंडात घालणारा मध्यस्थ घात करतो. लुबांगा खटल्यात हे झालंही. पीडित म्हणून सहभागी असलेल्या तिघांनी प्रत्यक्ष साक्ष दिली, आणि निकालपत्रात न्यायालयाने नोंदवलं की त्यांतल्या दोघांनी तिसऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यांची ओळख घेतली असावी. तिघांचाही सहभागाचा हक्क काढून घेतला. अभियोक्त्याच्या मध्यस्थांवरही याच खटल्यात ताशेरे बसले. बचाव पक्ष पीडितांच्या अर्जांबद्दल इतका चिकित्सक का असतो, याचं उत्तर यात आहे, आणि ती चिकित्सा मला अवाजवी वाटत नाही.

मान्यता मिळाल्यावर प्रत्यक्ष काय होतं? हजारो माणसं एका वकिलाच्या नावावर जातात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या गुन्ह्यांबद्दल जाँ-पिएर बेम्बावर चाललेल्या खटल्यात ५,२२९ पीडित होते, आणि त्यांची बाजू तिथल्या राजधानीच्या, बांगीच्या, वकील मारी-एदिथ दुझिमा मांडत होत्या. पाच हजार अशिलांकडून सूचना कशा घेता? गटागटाने भेटता, समाजातल्या जाणत्या माणसांना धरता, प्रत्येक आदेशानंतर पुन्हा जाता. न्यायालयात उभं राहून 'पीडितांना वाटतं की' असं वाक्य सुरू करताना मागे खरंच किती जणांचं वाटणं आहे, हा प्रश्न प्रामाणिक वकिलाला छळतोच. त्या खटल्यात दोन पीडितांनी शपथेवर साक्ष दिली आणि तिघांनी व्हिडिओद्वारे आपलं म्हणणं मांडलं. पाच हजारांतून पाच. बाकीच्यांची नावं आकड्यांत.

बेम्बाचं पुढे काय झालं ते माहीत असेलच. २१ मार्च २०१६ ला दोषी, १८ वर्षं शिक्षा, आणि ८ जून २०१८ ला अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष. एक कारण सेनापती म्हणून आपल्या सैनिकांचे गुन्हे रोखायला त्याने घेतलेल्या उपायांबद्दलचं. दुसरं आपल्या विषयाचं: दोषसिद्धीत मोजलेली काही कृत्यं निश्चित आरोपांच्या बाहेरची होती, म्हणून वगळली गेली. भरपाईची सुनावणी तिथेच संपली. निधीने मग आपल्या मदत-अधिकारातून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात काम सुरू करण्याचं ठरवलं.

हा मदत-अधिकार समजून घ्यायला हवा, कारण तो दोषसिद्धीशी बांधलेला नाही. उत्तर युगांडात या पैशातून कृत्रिम हातपाय बसवले, बंडखोरांनी ओठ-कान कापलेल्या माणसांवर शस्त्रक्रिया करवल्या, खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी. आपल्या राज्याची २०१३ पासूनची मनोधैर्य योजनाही शिक्षेची वाट पाहत नाही, गुन्हा नोंदला की अर्ज करता येतो. तत्त्व तेच. मला विचाराल तर हेगच्या पूर्ण व्यवस्थेत पीडितांच्या हाती वेळेत काही पडलं असेल तर ते या वाटेने.

भरपाईच्या आदेशांचे आकडे पाहा. कातांगा प्रकरणात २४ मार्च २०१७ चा आदेश: ३४१ अर्जदारांपैकी २९७ मान्य, एकूण हानी ३७,५२,६२० डॉलर मोजली, कातांगाची जबाबदारी १० लाख डॉलर, आणि प्रत्येकाला प्रतीकात्मक २५० डॉलर, शिवाय घर, शिक्षण, उपजीविका, मानसिक उपचार यांसाठी सामूहिक मदत. हल्ल्यापासून चौदा वर्षांनी. आरोपी कफल्लक, म्हणून पैसे निधीचे. लुबांगासाठी एक कोटी डॉलर ठरले. टिंबक्टूच्या मकबऱ्यांचा विध्वंस करणाऱ्या अल माहदीच्या प्रकरणात २७ लाख युरो, आणि माली देशाला व युनेस्कोला प्रत्येकी एक युरो, नुसती मान्यता म्हणून. एक युरोची चेष्टा करणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यातली नाही. हानी झाली हे न्यायालयाच्या आदेशात लिहिलं जाणं ही वेगळी वस्तू आहे, आणि पैशांपेक्षा तिची मागणी जास्त वेळा होते.

याचं सर्वांत लखलखीत उदाहरण हेगचं नाही, कंबोडियाचं आहे. नॉम पेन्हच्या विशेष न्यायालयात फ्रेंच पद्धतीप्रमाणे पीडित हे 'दिवाणी पक्षकार' होते, म्हणजे नुसते सहभागी नव्हे. २००९ मध्ये ख्मेर रूज राजवटीतल्या तुओल स्लेंग अर्थात एस-२१ तुरुंगाचा प्रमुख दुच याच्यावर खटला चालला. तिथून वाचलेल्या मोजक्या माणसांतले चित्रकार बू मेंग साक्षीला आले. त्यांची बायको त्याच तुरुंगात गेली होती, परत आली नाही. त्यांनी न्यायपीठामार्फत दुचला विचारलं, तिला कुठे मारलं? त्या जागेची माती आणून तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे. दुच म्हणाला, ते काम हाताखालच्यांचं होतं, पण तिला चोएंग एकला, शहराबाहेरच्या वधभूमीवर, नेलं असावं. साधा साक्षीदार असा प्रश्न विचारू शकत नाही. साक्षीदार उत्तरं देतो. अभियोक्त्याला या उत्तराची गरज नव्हती, ना शिक्षा ठरवायला, ना दोष सिद्ध करायला. पण ते प्रतिलेखात नोंदलं गेलं आहे.

त्याच न्यायालयाने पीडितांना दिलेला धक्काही तितकाच मोठा. ९० दिवाणी पक्षकार खटल्यात शेवटपर्यंत होते. मध्येच ठरलं की शिक्षेबद्दल त्यांच्या वकिलांनी बोलायचं नाही. अनेकांनी कामकाजावर बहिष्कार टाकला. आणि २६ जुलै २०१० ला निकाल वाचताना त्यांतल्या २४ जणांना सांगितलं की तुमचं नातं किंवा हानी पुरेशी सिद्ध झाली नाही, तुम्ही पक्षकार नाही. खटला संपल्यावर! २०१२ च्या अपिलात त्यांतल्या दहा जणांना परत घेतलं. भरपाई काय मिळाली? निकालपत्रात नावं, आणि दुचच्या माफीच्या विधानांचं संकलन. पुढच्या खटल्यासाठी नियम बदलून ही पात्रता आधीच ठरवायची सोय केली.

आता आपल्याकडची तुलना. इथे गंमत आहे. आपला पीडित दोषमुक्तीविरुद्ध अपील करू शकतो: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला २००९ मध्ये परंतुक जोडलं गेलं, आता तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही असंही सांगितलं. हेगमध्ये हा हक्क नाही. बेम्बा सुटला, पाच हजार पीडितांच्या हाती काही नव्हतं. कलम ८२(४) खाली त्यांचा वकील फक्त भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपिलात जाऊ शकतो. उलट, तिथे पीडितांचा वकील परवानगीने स्वतः उठून साक्षीदाराला प्रश्न विचारतो. आपल्याकडे रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताच्या वकिलाने सरकारी वकिलाला साहाय्य करावं, पण स्वतः साक्षीदार तपासू नये. जामिनासारख्या टप्प्यांवर ऐकून घेण्याचा हक्क मात्र लखीमपूर खीरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये ठामपणे मान्य झाला. म्हणजे बरी की वाईट, याचं उत्तर टप्प्यागणिक वेगळं. माझ्यापुरतं विचाराल तर एक हक्क निवडायला सांगितला तर मी अपिलाचा निवडेन.

बचाव पक्षाची तक्रारही नोंदवते, कारण ती खरी आहे: आरोपीसमोर एक अभियोक्ता पुरेसा असतो, दोन नकोत. पीडितांच्या वकिलाने दोष सिद्ध करायची दुसरी आघाडी उघडली की खटला लांबतो, आरोपी कोठडीत सडतो, आणि पीडितांचं वेगळं म्हणणं त्यात हरवतं. चांगला वकील फार कमी उठतो. नकाशावरचं चुकलेलं गाव, नावाचा चुकीचा उच्चार, दोन वस्त्यांमधली पायवाट, कोणत्या चर्चपाशी लोक लपले होते, असल्या गोष्टी त्याला अभियोक्त्यापेक्षा नीट माहीत असतात. तिथे त्याचा उपयोग.

डॉमिनिक ऑन्ग्वेनच्या खटल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. उत्तर युगांडातल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने त्याला लहानपणी, शाळेच्या वाटेवरून पळवलं. मोठा होऊन तोच तुकडीप्रमुख झाला. बळजबरी आणि मानसिक आजार हे दोन्ही बचाव न्यायालयाने नाकारले. ४ फेब्रुवारी २०२१ ला ६१ आरोपांत तो दोषी ठरला, शिक्षा २५ वर्षं, आणि ती ठरवताना त्याचं पळवलं जाणं विचारात घेतलं. चार हजारांहून अधिक पीडित होते, त्यांतले कित्येक त्याच्यासारखेच पळवलेले. फरक कुठे पडला तो बघा: २००५ च्या अटक वॉरंटमध्ये त्याच्यावर सात आरोप होते, लुकोदी छावणीवरच्या हल्ल्याचे. खटला उभा राहिला तेव्हा ते ७० झाले: पाजुले, ओदेक, अबोक या आणखी तीन छावण्या, आणि जबरदस्तीचा विवाह, लादलेलं गर्भारपण. ज्यांना त्याच्या बायका म्हणून वाटून दिलं होतं अशा सात स्त्रियांच्या साक्षी तर २०१५ मध्येच, आरोप निश्चितीच्याही आधी, न्यायाधीशासमोर नोंदवून ठेवल्या, पुढे दबाव आला तरी वाया जाऊ नयेत म्हणून. २८ फेब्रुवारी २०२४ चा भरपाईचा आदेश ५ कोटी २४ लाख युरोंचा आहे, सुमारे पन्नास हजार पीडितांसाठी, प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक. बलात्कारातून जन्मलेली मुलंही त्यात आहेत. इतके पैसे निधीकडे नाहीत, देणगीदार देशांकडून उभे करावे लागणार.

तेव्हा प्रबंधाचा विषय निवडताना 'सहभागाचा हक्क' असा मोघम ठेवू नका. आरोप निश्चितीच्या आधीच्या काळावर लिहा. कलम १५(३) खाली, अभियोक्ता स्वतःहून तपासाची परवानगी मागतो तेव्हा पीडितांना थेट न्यायाधीशांसमोर म्हणणं मांडता येतं. बांगलादेश-म्यानमार प्रकरणात १४ नोव्हेंबर २०१९ च्या परवानगीआधी कॉक्स बझारच्या छावण्यांमधून रोहिंग्यांनी ते मांडलं. त्या टप्प्यावर गावांची यादी अजून लिहिली जात असते. लुबांगाचं २००६ चं वॉरंट, न्तागांडावरचे दोषारोप आणि ऑन्ग्वेनचे ७० आरोप शेजारी ठेवा, आणि प्रत्येक नव्या गावाच्या, नव्या गुन्ह्याच्या नावामागे कोणाचा दबाव, कोणाचा अर्ज, कोणाची साक्ष होती ते शोधा. जाहीर आदेश आणि प्रतिलेख न्यायालयाच्या नोंदींत आहेत, फ्रेंच थोडं येत असेल तर आणखी सोपं जाईल.